नाळेची वाट पूल कशी झाली

वाटेबद्दलच्या आमच्या अर्जाला आलेलं सरकारी उत्तर दोन ओळींचं होतं. 'करवंदवाडी ते पठार ही पायवाट नकाशावर आढळून येत नाही. सबब तिच्या दुरुस्तीचा खर्च पुढील सालापासून बंद करण्यात येत आहे.'

मी नगरला शाळेत चित्रकला शिकवतो. उस्मानभाई माझे शेजारी. उभी हयात मोजणी खात्यात साखळी ओढून नुकतेच निवृत्त झालेले. आम्हा दोघांना डोंगराचं वेड. लढाईच्या सालांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालू लागल्या, तेव्हासुद्धा दिवाळीनंतरची अकोले तालुक्यातल्या डोंगरांची फेरी आम्ही चुकवली नाही. आणि दर फेरीत नाळेची वाट ठरलेली. दोन कड्यांच्या मधली दगडांनी भरलेली घळ म्हणजे नाळ. तिच्या पायऱ्या पावसाळ्यात वाहून जातात आणि पाऊस सरला की वाडीतली चार माणसं सरकारी मजुरीवर त्या पुन्हा रचतात. सगळा खर्च तेवढाच. पण गोष्ट नुसत्या पायऱ्यांची नव्हती. जिथं सार्वजनिक वाट आहे तिथली जमीन सगळ्यांची, असा नियम होता. वाट गेली की वरचं अख्खं जंगल कोळशाच्या ठेकेदाराला लिलावात द्यायला मोकळं.

मी पत्र मोठ्यानं वाचलं. उस्मानभाईंनी ते माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं.

"मास्तर, वाट नकाशावर का नाही ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्या मोजणीला मीच होतो. साहेबाला खालीच ताप भरला. म्हणाला, वर काही नाही असं लिहून टाका. मी अंगठा उठवावा तशी मान हलवली."

त्याच दिवशी जायचं ठरलं. आमच्या भागाचे असेंब्लीतले मेंबर, सगळे त्यांना दादासाहेब म्हणत, त्यांना बजेटाआधी ती वाट स्वतः चालायला लावायची, असा बेत. तीन खेटे घातल्यावर दादासाहेब कबूल झाले. "मात्र सत्काराचा बोजा लोकांवर टाकू नका," असं त्यांनी बजावलं. सत्काराचा विषय आम्ही काढलाच नव्हता.

आम्ही दोन दिवस आधी निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो: नगरहून संगमनेरची सर्व्हिस मोटार पहाटेची धरा. दुसरी मोटार कधी सुटते ते तिच्या ड्रायव्हरलाही माहीत नसतं. राहुरीपर्यंत धूळ, कोल्हारला नदीकाठी चहा, संगमनेरला जेवण आणि मोटारबदल. अकोल्याच्या पुढं भाताची खाचरं दिसू लागतात आणि हवेला कापलेल्या पेंढ्याचा वास येतो. राजूरला धर्मशाळेत अंग टाकलं. पांघरूण दोन माणसांचं न्यावं. एका माणसाच्या पांघरुणात तिथली थंडीच झोपते.

सकाळी बैलगाडीनं करवंदवाडी. वाडी म्हणजे बारा-पंधरा कुडाची घरं. ठमाबाई तिथल्या मुकादम. पायऱ्या रचायचं काम गेली कित्येक वर्षं त्यांच्याच देखरेखीखाली चाले. त्या नाळेच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि त्यांच्यामागं जे दिसलं ते बघून माझे पायच थांबले. पायऱ्या एकसारख्या बसवलेल्या. खालच्या वीस पायऱ्या शेणानं सारवलेल्या. त्यांवर रांगोळी.

"ठमाबाई, हे काय केलंत?"

"वाट केली. मेंबरसाहेब येनार ना? पाव्हना पडला तर कुनाची अब्रू जाईल?"

"पण पैसे कुठून आले?"

"पैशे कशाला? समदी वाडी लागली हुती. लई दिसांनी कुनी मोठं मानूस येतंय."

उस्मानभाईंनी डोक्याला हात लावला. "बाई, वाट चांगली दिसली तर सरकार म्हणेल खर्च कशाला. वाईट दिसली तरच पैसे मिळतील."

ठमाबाईंनी विचार केला. "म्हंजी वाईट वाटंला पैशे देत्यात?"

"तसंच काहीसं."

"मंग आमी दर साली चांगली करतो तवा का देत्यात?"

 उस्मानभाईंनी सुचवलं, निदान दोन पायऱ्या काढून ठेवू. ठमाबाई ताठ झाल्या. "आमी मोडायची न्हाई. तुमाला मोडायची तर मोडा."

लाज वाटते, पण लिहितो. ज्या वाटेसाठी भांडायला आलो होतो, ती मोडायला आम्ही दुपारी पहार घेऊन गेलो. तासभर झगडल्यावर एक दगड बोटभर हलला. तेवढ्यात वरून एक म्हातारी मोळी घेऊन उतरली. आम्ही दुरुस्ती करतोय असं समजून तिनं मोळी टेकवली, दगड टाचेनं दाबून जागच्या जागी बसवला आणि कौतुकानं म्हणाली, "शेरातली मानसं, पर कामाला लाजत न्हाईत." आम्ही पहार परत नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी दादासाहेब आले. राजूरपर्यंत लढाईतून उरलेल्या जीपमधून आणि पुढं बैलगाडीतून. सोबत त्यांचे कारकून गोविंदराव, बगलेत नोंदवही. दादासाहेब अंगानं भरलेले, पायात पंपशू, स्वभाव मोकळा. हार घालून घेऊन ते ठमाबाईंच्या मागोमाग चढू लागले आणि दर वळणाला खूश होऊ लागले.

"वा! अगदी घरचा जिना! गोविंदराव, लिहा, वाट उत्तम."

गोविंदरावांनी लिहिलं. उस्मानभाईंनी माझ्याकडं पाहिलं. आमचं बजेट तिथंच बुडालं.

वर मात्र त्यांना खरंच आवडलं. पठारावर दाट हिरडा, बेहडा, कारवी. मध्ये कातळात खोदलेलं जुनं टाकं. पाणी इतकं गार की दात ठणकले. सावलीत जेवण झालं: नागलीची भाकरी, हुलग्याची पिठी आणि काळभात या तिथल्या सुवासिक तांदळाचा भात. दादासाहेबांनी पिठी तीनदा मागून घेतली. जंगल लिलावात जाईल म्हणून सांगितलं तेव्हा ते हळहळले. पण वाट तर उत्तम आहे, मग अडचण काय, हे त्यांना काही केल्या कळेना.

जेवून निघालो. नाळेच्या डोक्याशी दादासाहेबांनी खाली पाहिलं आणि ते मटकन खाली बसले.

"मी येणार नाही."

"साहेब, याच वाटेनं आपण चढलो," उस्मानभाई म्हणाले.

"चढताना ती इतकी खोल नव्हती."

दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ते सोंग नव्हतं. मी हात पुढं केला तर त्यांनी कारवीचं झुडूप घट्ट धरलं.

"गोविंदराव," ते म्हणाले, "ते 'उत्तम' खोडा. लिहा, वाट अत्यंत धोक्याची. मेंबर अडकले."

गोविंदरावांनी चष्मा पुसला. "साहेब, नोंद खोडता येत नाही. जोडता येईल. पण कुठं अडकलात ते लिहावं लागेल आणि ही जागा नकाशावर नाही. कागदोपत्री आपण या घडीला करवंदवाडीतच आहात."

"मग मला भीती कुठं वाटतेय?"

"तसा रकाना नाही, साहेब."

दादासाहेबांनी डोळे मिटले. उस्मानभाई त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी मोजणीची, तापाची, 'वर काही नाही'ची सगळी हकिकत सांगितली. "गुन्हा माझा आहे, साहेब. तुम्ही जिथं बसलात तिथं काहीच नाही असं मी कबूल केलं होतं."

दादासाहेबांनी डोळे उघडून त्यांच्याकडं पाहिलं. मग ते ठमाबाईंकडं वळले. "बाई, तुम्ही रोज कशा उतरता हो?"

"डोईवर मोळी असती. मान वाकत न्हाई, खाली बघता येत न्हाई. मंग भ्या कशाचं?"

दादासाहेबांनी कारवीवरचा हात सैल केला. मग ते हळूच म्हणाले, "बांधा एक."

ठमाबाईंनी सुक्या फाट्यांची हलकी मोळी बांधली, हाराची चुंबळ केली आणि ती मोळी मेंबरांच्या डोक्यावर ठेवली. त्यांची मान ताठ झाली, नजर समोरच्या डोंगरावर खिळली. ठमाबाई पुढं, उलट्या चालीनं, प्रत्येक पावलाला त्यांचा घोटा धरून दगडावर टेकवत. "हितं पाय. आता हितं. ह्यो दगड आमी परवाच बसिवलाय, हालायचा न्हाई." मागून उस्मानभाईंनी धोतराचा सोगा धरला होता. सगळ्यात मागं पंपशू आणि नोंदवही घेऊन गोविंदराव. ऊन कलेपर्यंत ही वरात उतरत होती, आणि एकही दगड निसटला नाही.

खाली वाडी जमली होती. दादासाहेबांना मोळी उतरवायचं भानच राहिलं नाही. ती डोक्यावर घेऊनच त्यांनी भाषण केलं. "आज मी पडलो नाही," ते म्हणाले, "कारण वाट नीट आहे. ती नीट आहे म्हणून खर्च बंद करायचा, असं म्हणणाऱ्याला मी इथं घेऊन येईन आणि उतरायला सांगेन." टाळ्या वाजवताना ठमाबाई रडत होत्या. मीसुद्धा.

परत नगरला आलो आणि बजेटाची वाट बघत बसलो. दादासाहेब शब्दाला जागले. भांडले, दोनदा सभात्याग केला. पण त्या साली 'पायवाटा' हे सदरच काढून टाकलं होतं. जे सदर नाही त्यात पैसे घालता येईनात. शिल्लक होतं 'पूल' हे सदर. पूल म्हणजे दरीच्या दोन बाजूंना जोडणारी वाट, अशी त्याची व्याख्या गोविंदरावांनी शोधून काढली. नाळेला दोन कडे आहेत. मजुरी मंजूर झाली, वाट सार्वजनिक ठरली, पठाराचा लिलाव रद्द झाला. नवीन नकाशावर करवंदवाडीच्या डोक्यावर आता पुलाची खूण आहे.

मला वाटलं होतं, असं काही जिंकल्यावर छाती फुगेल. तसं झालं नाही. घरी बसून नाळेचं चित्र काढायला घेतलं की डोंगर जमतो, पण ठमाबाईंचा घोट्यावरचा हात जमत नाही. चार कागद फाडले. उस्मानभाईंना विचारलं, तुमच्याजवळ काय राहिलं? ते म्हणाले, "आता झोप लागते."

गेल्या महिन्यात राजूरचा एक व्यापारी ठमाबाईंचा निरोप घेऊन आला. मजुरी पोचली. तिच्यासोबत खात्यानं एक लोखंडी पाटी पाठवली होती, ती नाळेच्या तोंडाशी रोवली आहे. पाटीवर लिहिलंय: 'पुलावरून एका वेळी एकच बैलगाडी न्यावी.' वाडीतल्या बायकांनी त्यातलं 'एका वेळी एकच' तेवढं मनावर घेतलं. एकीची मोळी खाली पोचेपर्यंत दुसरी वर थांबते. त्यामुळं वरून निसटलेला दगड आता कुणाला लागत नाही.

तेव्हा जरूर जा. थंडीत जा, पायात चामड्याच्या वहाणा घाला, हुलग्याची पिठी मागून खा. आणि नाळेशी पोचल्यावर वरून कुणी उतरत असेल तर खाली थांबा. पुलाचा नियम आहे.