अडीच की दोन पॉइंट चोपन्न

त्या सकाळच्या यादीत चौथं काम होतं : नासीरभाईंना विचारणे, कनेक्टर. वरच्या तिन्ही कामांवर खूण करून मी फोन हातात घेतला, तर त्यांच्याच नंबरवरून फोन वाजला. बोलत होत्या त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी. "बाय, हे गेले गो... नमाजाला उठले, खाटेवर टेकले, ते उठलेच न्हाय."

मुरुडला त्यांच्या घरामागच्या खोलीत आम्ही दोघं बारा वर्षं सर्किट बोर्ड तयार करत होतो. ते आराखडा काढत, मी सुट्या भागांच्या याद्या सांभाळत असे : कोणत्या भागाला पाय किती, दोन पायांत अंतर किती. त्या पायांसाठी बोर्डावर जी भोकं आखतात, त्या आखणीला आम्ही फूटप्रिंट म्हणतो. ती चुकली की भाग बसत नाही आणि बोर्ड भंगारात जातो.

पहिल्याच मोठ्या कामात ती मी चुकवली. वीस पायांची एक पट्टी होती. दोन पायांत इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर. रकान्यातले बाकीचे आकडे एकाच दशांशाचे, हा एकटा लांबलचक दिसत होता, म्हणून मी २.५ लिहून टाकलं. कारखान्यातून बोर्ड आले. पट्टीचे पहिले चार-पाच पाय गेले, पुढचे अडले आणि विसावा तर भोकाच्या कडेवर उभा! चार शतांशाचा फरक एकोणीस वेळा साचून पाऊण मिलिमीटर झाला होता. मी रडवेली झाले. नासीरभाई बोर्ड डोळ्यांजवळ धरून हसले. "यादी सुंदर हाय बाय. फ्रेम करून लावू या. पण पट्टीनं ती वाचली न्हाय ना!"

दुसऱ्या दिवशी ते बंदरावरून मासळीच्या पेटीचा थर्माकोलचा तुकडा घेऊन आले. तेव्हापासून नियम झाला. आराखडा खऱ्या मापात कागदावर छापायचा. प्रिंटर गुपचूप लहान-मोठं करतो, म्हणून कागदावर दहा सेंटिमीटरची रेघ असायची, ती आधी स्टीलच्या पट्टीनं मोजायची. मग कागद थर्माकोलवर ठेवून खरा भाग त्यात टोचायचा. सगळे पाय आपापल्या वर्तुळात गेले की ते "बसला!" असं ओरडत आणि स्वयंपाकघरातून भाभी विचारत, "चहा टाकू?" त्या ओरडण्यासाठी मी घाईघाईनं काम संपवत असे, हे आज कबूल करते.

शेवटचं काम बोटींचं होतं. बोटीच्या पाच कप्प्यांपैकी कशातही पाणी शिरलं की भोंगा वाजवणारा बोर्ड. त्यात पंधरा तारा बोर्डाला जोडणारा कनेक्टर. आराखड्याच्या फायलीत नासीरभाईंनी अंतर लिहिलं होतं, २.५. माझीच जुनी चूक, आणि त्यांच्या हातून? तेच मला विचारायचं होतं. ते गेल्यावर फाईल पुरी करणं माझ्याकडे आलं. पावसाळी मासेमारीबंदी उठून बोटी निघायला तीन आठवडे उरले होते. बोर्ड चुकीचे आले असते तर पुन्हा मागवायला वेळ नव्हता, आणि खलाशी भोंग्याविना समुद्रात गेले असते. मी २.५४ करून फाईल कारखान्याला पाठवायला निघाले होते. बोट बटणावर होतं...

पण नियम तो नियम. दोन्ही मापांचे कागद छापले, रेघा मोजल्या आणि कनेक्टर घेऊन त्यांच्या खोलीत जाऊन बसले. आधी माझा कागद. पहिले पाय गेले आणि शेवटचे तीन वर्तुळाबाहेर! मग त्यांचा. अंगठ्यानं दाबलं. टक्. पंधराच्या पंधरा! हा कनेक्टर मुळातच अडीचचा होता. त्यांनी भाग मोजला होता. मी आठवणीतली चूक मोजत होते.

"बसला!" मी ओरडले.  स्वयंपाकघरात भांडं वाजलं आणि भाभींचा ओला आवाज आला, "टाकते गो चहा."

बोर्ड वेळेत आले. आता ते बोटींवर आहेत. थर्माकोल माझ्या टेबलावर आहे, बारा वर्षांच्या भोकांनी चाळण झालेला, दमट दिवसांत अजून बांगड्याचा वास येणारा. त्या सकाळची यादीही जपून ठेवली आहे. चौथ्या कामावर खूण केली आहे. विचारलं होतं, उत्तर मिळालं.