कुलपातले पाहुणे

दौंड तालुक्यात महामार्गाला लागून माझी खानावळ आहे. पोलिस कोठडीतल्या आरोपींचे डबे बरीच वर्षं माझ्याकडून जायचे. त्यामुळं कायद्याचं पुस्तक न उघडताही एक गोष्ट मला पाठ होती. पकडलेला माणूस रात्री माझी भाकरी खातो, सकाळी खातो, आणि मग त्याला कोर्टात नेतात. दुचाकीचोर असो की बायकोला मारणारा, हा रिवाज मोडलेला मी पाहिला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात हवालदारांचा फोन आला. "मावशी, चार डबे जादा लावा. ठाण्याच्या मागच्या हॉलमधी द्यायचे."

"कोण हायेत?"

"पाव्हणे समजा."

डबे घेऊन मी स्वतःच गेले. हॉलच्या दाराला बाहेरून कुलूप! पाहुण्यांना कोंडून जेवायला घालतात, हे मला नवीनच होतं. आत बंगाली बोलणारी चार माणसं होती, भांडगावच्या एका बांधकामावरून उचललेली. त्यातला एक ओळखीचा निघाला. माझ्या खानावळीच्या फरश्या त्यानंच बसवल्यात. उतार असा नेमका दिलाय, की सांडलेलं पाणी आपणहून मोरीकडं जातं.

"काकी, हमारा घर मालदा में है, अपने ही वेस्ट बंगाल में," तो म्हणाला. "कोई सुनता ही नहीं."

ते बांगलादेशी असल्याचा संशय होता. गाडी आली की सीमेवर नेऊन पलीकडं सोडणार, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. जो देश कधी पाहिला नाही तिथं टाकतील, या भीतीनं तो सुकला होता. त्याची बायको तान्ह्या पोरीला घेऊन रोज माझ्या दारात यायची. "खाना खाया?" एवढंच विचारायची. खाल्लं म्हटलं, की आज गाडी आली नाही हे तिला कळायचं.

आठवडा उलटला. डबे जात होते, कोर्टाचं नाव नव्हतं. माझं डोकं फिरलं. आमचे मालक म्हणाले, "आपलं काम डब्याचं. नसता उपद्व्याप कशाला?" या गृहस्थांना मांजर आडवं गेलं तरी घरी परतायचं निमित्त मिळतं. त्यांचं ऐकलं असतं तर खानावळच निघाली नसती. मी थेट ठाण्याच्या मोठ्या साहेबांपुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, त्यांना अटक हाय का?"

"नाही. चौकशी चालू आहे."

"अटक न्हाई, तर कुलूप कशाला? माझ्याकडं पाठवा जेवायला, पोटभर वाढते. आन् अटक असंल, तर कोर्टात न्या."

"मावशी, परदेशी आहेत ते. तुम्हाला काय कळतं यातलं?"

"परदेशी हायेत का न्हाईत, ते ठरवलं कुणी?"

साहेबांनी समोरची फाईल पुढं ओढली. मला संताप आला तो याचाच. तो माणूस कुठला, हे मला तरी काय ठाऊक? असेल परदेशी, तर सिद्ध करा आणि कायद्यानं पाठवा. पण ते ठरवायचं त्याला समोर उभं करून, त्याचं ऐकून. नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी, तीही न विचारता!

माझ्याकडं एक वकील जेवायला येतात. आमटीत मीठ कमी पडलं की माझी उलटतपासणी घेतात. त्यांना म्हटलं, "वकीलसाहेब, आज जरा खऱ्या ठिकाणी तोंड चालवा." त्यांनी त्याच दुपारी दौंडच्या कोर्टात अर्ज दिला, आणि दुसऱ्या दिवशी चौघांना हजर करावं लागलं. मी खानावळ बंद ठेवून मागच्या बाकावर जाऊन बसले.

जज्ज एक तरुण बाई होत्या. "यांना ताब्यात कधी घेतलं?" त्यांनी विचारलं.

"काल संध्याकाळी, मॅडम," साहेब म्हणाले.

मी ताडकन उठले. "न्हाई बाईसाहेब! आठवडा झाला, दोन्ही वक्ताचं जेवन मी घालते यांना."

शिपाई धावत आला, वकिलांनी कपाळावर हात मारला. बाईंनी मात्र मला पुढं बोलावलं, शपथ दिली आणि तेच पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. साहेब माझ्याकडं बघत होते, तेव्हाच मी ओळखलं की डब्यांचं काम गेलं. गेलं तर गेलं. हातपाय शाबूत आहेत.

चौघांना त्याच दिवशी घरी जाऊ द्यावं आणि कागदांची तपासणी रीतसर करावी, असा हुकूम झाला. पण त्याआधी बाई फरशीवाल्याकडं वळल्या होत्या. "हाँ, अब आप बताइए. आराम से."

बोलू की नको म्हणून तो हवालदारांकडं बघायला लागला.

"उधर नहीं, इधर देखिए," बाई म्हणाल्या.

मग तो बोलू लागला. गाव, बाप, शाळा, नदीनं खाल्लेलं जुनं घर, कामासाठी पहिल्यांदा पुण्याला आला तो दिवस, सगळं. अडखळत, लांबण लावत बोलला. बायको दाराशी पोरीला थोपटत उभी होती. त्याचं बोलून होईपर्यंत त्या कोर्टात कोणीही त्याला मधे तोडलं नाही.