धाब्याचा सालदार

ब्राह्मणपुरीतलं आमचं घर असं गळायचं, की पाऊस गाव सोडून गेला तरी आमच्या घरात तो मुक्कामाला राहायचा. बाहेर ऊन पडलेलं असे आणि आत घागरीत टपटप चालू. शेजारी शेतावर निघताना दारात थांबून विचारायचे, आज आत उघाड आहे का? एका वर्षी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, गवत इतकं माजलं की कुणाची तरी गाभण बकरी चरायला वर चढली आणि उतरली ती दोन पिलं घेऊन. हे मी गावात शपथेवर सांगत असे. पिलं दोन होती की एक, एवढाच वाद व्हायचा.

आमच्याकडे घर राखणं म्हणजे धाबं राखणं. तुळयांवर लाकडी कड्या, कड्यांवर तुऱ्हाट्या, त्यावर माती आणि सगळ्यात वर खारी. खारी म्हणजे पाणी न पिणारी पांढुरकी माती. दर उन्हाळ्यात तिचा नवा थर द्यायचा, बडवून घ्यायचा. ज्याच्या धाब्यावर नवी खारी दिसली नाही तो आळशी, असा गावाचा सरळ न्याय. माझे वडील, म्हणजे आबा, या न्यायात कधीच सापडले नाहीत. त्यांनी वयात आल्यापासून एक उन्हाळा चुकवला नव्हता. दरसाल खारी पडायची आणि दरसाल घर आदल्या वर्षापेक्षा थोडं जास्त गळायचं. आबा म्हणत, खारी कमी पडली. पुढच्या साली दोन टोपल्या जास्त.

मी दमलो होतो. घरातला पाऊस कुठल्या कोपऱ्यात थांबला हे मला डोळे मिटून, कोणतं भांडं गप्प झालं यावरून कळायचं. असली विद्या माणसाला तरुणपणी म्हातारं करते.

त्या वर्षी बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेलेले. आधीची दोन्ही बाळंतपणं लोणखेड्याला माहेरी झाली होती. या वेळी तिची आई राहिली नव्हती, त्यामुळे बाळंतपण आमच्याच घरी, आणि तेही ऐन श्रावणात. बाळंतिणीला ऊब हवी, वारा बंद हवा, आणि आमच्या घरात तर भिंतीवर शेवाळ उगवायचं. ती कधी काही मागत नसे. एका दुपारी ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली, "माले चार हात कोरडी जागा पाहिजे. बाकी तुम्हले जे सोंग करानं ते करा."

मी छाती ठोकून हो म्हटलं. आश्वासनं देण्यात आमच्या तालुक्यात माझा हात धरणारा नव्हता. निभावायची वेळ आली की मात्र मला खोकला व्हायचा.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, वर्ष अखाजीपासून सुरू होतं. त्या दिवशी जो ठरला तो पुढच्या अखाजीपर्यंत घरचा. अशा दिवसांत एक उंच, सुकलेला गडी दारात आला आणि म्हणाला की तो धाब्याचा सालदार आहे. असली जात मी आधी ऐकली नव्हती. त्याचा बेत असा होता: खळ्यावर त्याला ज्वारी द्यायची, आणि वर्षभर धाब्याची काळजी त्याची. उन्हाळ्यात खारी तो आणणार, तो टाकणार. पावसाळ्यात प्रत्येक सरीनंतर वर चढून भेगा तो बुजवणार. आपण फक्त खाली झोपायचं.

आबांनी तोंड फिरवलं. मी रेंगाळलो हे पाहून तो पुढे सरकला. "जिभाऊ, शेतले सालदार ठेवतस, ढोरले ठेवतस, मंग धाबानं काय पाप शे?"

मग तो सुटला. अक्कलकुव्याकडे त्याने एका घरावर अशी खारी टाकली होती म्हणे, की ढग येऊन वरून पाहायचे आणि शरमून सातपुड्यात निघून जायचे. त्या घरातल्या लोकांना पाणी प्यायला शेजारी जावं लागत असे. मी आयुष्यभर थापा मारून जगलेला माणूस, पण त्याच्यापुढे मला शाळेत बसल्यासारखं वाटलं. बकरीची गोष्ट मी सांगितलीच नाही. सांगितली असती तर त्याने तिथे म्हैस व्यायला लावली असती.

आबांचं म्हणणं वेगळं होतं. घराचं डोकं परक्याच्या हाती दिलं तर गावात तोंड काय दाखवायचं? मी म्हटलं, तोंड कोरडं तरी राहील. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला तेवढीच विश्रांती.

शेवटी श्रावणाच्या धाकाने आबा गप्प बसले आणि मी त्या गड्याला होकार दिला. अखाजीला तो खारीची गाडी घेऊनच आला. सालदाराला त्या दिवशी जेवू घालायची रीत, म्हणून त्याला पुरणपोळी आणि आंब्याचा रस वाढला. तो असा जेवला, जणू पुढच्या अखाजीपर्यंतचं आजच उरकून घेत होता.

आबा भिंतीला टेकून बसले होते. सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. म्हणून बायको जे आबांना सांगायचं ते मला सांगायची, जरा मोठ्याने. रस वाढून झाल्यावर ती आतल्या खोलीच्या दारात पदर ओढून उभी राहिली. आत तुळईला धाकटीची झोळी टांगलेली होती.

"दोरी तीच शे, गाठ बी तीच शे," ती मला म्हणाली. "पहिल्या पोऱ्याना वखतले झोळी मन्हा गुडघाले लागे. आते जमीनले टेकस. दोरी वाढनी नही. मंग काय खाले उनं?"

मी उठून आत गेलो आणि मान वर केली. तुळई मधोमध झुकली होती, भरल्या कावडीच्या दांडीसारखी. इतकी वर्षं मी गळती कुठे पडते ते पाहत आलो होतो. म्हणून मी कायम खालीच बघत होतो.

वर जाऊन पहार घातली तर ती हातभर आत गेली आणि तरी पांढरी मातीच निघाली. खारीवर खारी, तिच्यावर खारी. ओझ्याने धाबं मध्ये खचलं होतं, त्या खळग्यात पाणी साचायचं आणि तिथून आत उतरायचं. आम्ही त्यावर औषध म्हणून आणखी खारी टाकत होतो. आणि आता दारात एक गाडी भरून उभी होती.

मी सालदाराला म्हटलं, गाडी परत ने, आधी वरचं उतरव. त्याला हे पटेना. तो म्हणाला, "मन्हं काम चढावानं शे, उतारानं नही." त्याचंही खरं होतं. एकाने खारी उतरवली आणि घर गळायचं थांबलं हे गावोगाव कळलं, तर त्याच्या गाड्यांना बैल कशाला लागले असते? हात धुऊन, पान खाऊन तो निघून गेला. आमच्या घराण्यातला सगळ्यात कमी मुदतीचा सालदार तो. रस वाढल्यापासून आचवेपर्यंत.

खरी अडचण तो गेल्यावर सुरू झाली. मी फावडं घेऊन शिडीला लागलो तर आबा माझ्याआधी वर चढले आणि भर उन्हात धाब्याच्या मधोमध जाऊन बसले. मी खालून विनवलं, चिडलो, पुन्हा विनवलं. शेवटी ते म्हणाले, "तुन्ही मायनी डोकावर वाहेल शे ती."

आई हयात असताना खारीच्या टोपल्या वाहायची ते मलाही आठवत होतं. मी फावडं भिंतीला टेकवलं आणि सावलीत बसलो.

खालून बायकोचा आवाज आला. बोलत होती माझ्याशी, पण आवाज धाब्यापर्यंत जाईल इतका होता. "मन्ही खाट गोठामा टाका. तठे गवतनं छप्पर शे, गळत नही. म्हैस मन्हासंगे भांडत नही."

आणि ती खरोखरच गोधडी काखेला मारून निघाली. पोट पुढे आलेलं, एक हात कमरेवर, पाय जपून टाकत. अंगण ओलांडायला तिला फार वेळ लागला. वरून आबा बघत होते.

ती गोठ्याच्या दाराशी पोचली तेव्हा आबांनी फावडं मागितलं. मला वर येऊ दिलं नाही. पहिली टोपली त्यांनी स्वतः भरली आणि दोरीने सावकाश खाली सोडली, विहिरीत घागर सोडावी तशी. ती ओतायची कुठे, तेही त्यांनीच सांगितलं. उकिरड्यावर नाही, भिंतीच्या कडेला.

कितीतरी दिवस आम्ही खारी उतरवत होतो. गावाने येऊन पाहिलं, हसून घेतलं, मग येणं सोडलं. तुळईखाली बाभळीचा खांब दिला आणि वर बोटभर खारी राहू दिली. ती आबांनीच बडवली.

श्रावणात मुलगी झाली. बाहेर झड लागली होती. माझ्या अंथरुणाच्या कडेला अजून एक धार पडत होती, पण बायकोच्या कोपऱ्यात राख पसरली असती तरी तिच्यावर ठिपका उठला नसता. ती पोरीला घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली होती. भिंतीपलीकडे खारीचा ढीग भिजून हळूहळू वाहून चालला होता. आबा दारात उभे राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग पाय पुसून आत आले आणि मला म्हणाले, तुझं अंथरूण थोडं सरकव. त्यांना पोरीजवळ बसायला जागा हवी होती. मी सरकलो, थेट धारेखाली.