डोक्यावरून गेलेली बोट

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्यांना पहिल्याच दिवशी सांगतात, की या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. मीही मान डोलावली होती. शाळेत भूगोलात पाठ केलेलंच होतं ते.

मग एका सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना सहज वर पाहिलं, तर शेजारच्या सायकलींच्या शेडमागून, तिच्या छपराच्याही वरून, एक बोट चालली होती. अगदी संथ. बोटीवरचा माणूस आरामात कॉफी पीत होता. ओली चादर हातात धरून मी उभीच राहिले. समोर गवताचा उंच बांध, त्यामागे कालवा, आणि मी त्या पाण्याच्याही खाली!

कुंपणापलीकडे शेजारच्या आजी वाफ्यातलं तण काढत होत्या. "भीती नाही वाटत तुम्हाला?" मी विचारलं.

"बांध आहे ना," त्या म्हणाल्या. मग खुरपं पलीकडच्या घराकडे रोखून म्हणाल्या, "त्या माणसाशी माझं मुळीच पटत नाही. पण बांधाच्या देखभालीच्या बैठकीला आम्ही एकाच बाकावर बसतो. पाणी शिरलं तर दोघांच्याही घरात शिरेल."

आमच्या गावी शेताचा वीतभर बांध कोरला म्हणून बाबा आणि काका कोर्टात गेले होते. माझ्या आजीच्या तेराव्यालाही ते एका पंगतीला बसले नाहीत.

मी चादर दोरीवर टाकली. वर पाणी वाहत होतं. दुपारपर्यंत चादर खडखडीत वाळली.