रेंज नसलेलं गाव

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. बंगळुरात ज्याला शांत डोंगराळ गाव सापडतं त्याने ते लपवायचं असतं, असा आमच्यात अलिखित नियम आहे. आम्हालाही ते ऑफिसातल्या एकाने जवळजवळ शपथ घालूनच सांगितलं होतं. चिकमगळुरूच्या पलीकडे, कॉफीच्या मळ्यात चार खोल्या, समोर धुक्यातले डोंगर. आणि मुख्य म्हणजे मोबाइलला रेंज नाही. हे शेवटचं त्याने इतक्या भक्तिभावाने सांगितलं की आम्ही लगेच खोल्या ठरवून टाकल्या.

आईला न्यायचं होतं. बाबा गेल्यावर मी तिला नागपूरहून बंगळुरात, मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटवर आणलं, त्याला आता बरेच महिने झाले होते. ती कायमची आमच्याकडे राहणार की नागपूरला एकटी परत जाणार, हे काही ठरत नव्हतं. विचारलं की ती 'बघू' म्हणायची. नागपूरचं घर विकायला काढायचं की नाही, ते या 'बघू'वर अडलं होतं. डोंगर, हवा, हिरवळ बघितली की तिचं मन या मुलखात रमेल, असा आमचा हिशेब.

पहाटे निघालो. शांततेच्या शोधात निघालेलं अर्धं बंगळुरू टोलनाक्यावर आमच्या पुढे उभं होतं.

गाव मात्र खरंच सांगितल्यासारखं निघालं. दुकान एक, तेही दुपारी बंद. आम्ही नवरा-बायको व्हरांड्यात बसून, काही म्हणजे काही ऐकू येत नाही, असं एकमेकांना सारखं ऐकवत होतो. संध्याकाळी आईने नागपूरच्या मावशीला फोन लागेल का म्हणून विचारलं. या बहिणींचं रोज बोलणं होतं. भाजी काय केली, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या का, गल्लीत कोण आजारी आहे. मी मोठ्या खुशीत सांगितलं की इथे फोन लागतच नाही, तीच तर इथली मजा आहे, दोन दिवसांत किती हलकं वाटेल बघ. तिने फोन पदराने पुसून पिशवीत ठेवला. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी चहानंतर आई दिसेना. तिथल्या मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांना विचारलं, तर त्यांनी मळ्यामागच्या चढाकडे बोट दाखवलं. मारतहळ्ळीत लिफ्टपर्यंतही न जाणारी आई आपण होऊन फिरायला गेली होती. हवा लागू पडली, असं बायको म्हणाली. आम्ही स्वतःवर बेहद्द खूश झालो आणि मी डोंगरासकट तिचा फोटो काढायला निघालो.

चढ संपतो तिथे पाण्याची टाकी आहे. टाकीला टेकून, डोंगराकडे पाठ करून आई उभी होती आणि तिच्या कानाला फोन होता. अख्ख्या गावात रेंज येते अशी तेवढी एकच जागा, ती तिला अक्कांनी दाखवली होती. आईचं कन्नड म्हणजे 'स्वल्प' आणि 'सरी', थोडं आणि बरं, एवढंच, तेही भाजीवाल्याकडून उचललेलं. पण तेवढ्यावर दोघींचं भागलं होतं. आई मावशीशी बोलताना खळखळून हसत होती. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण आला तो राग.

तिचं बोलणं संपल्यावर मी म्हणालोच, की एवढी शांतता सोडून तू इथे येऊन फोनवर काय बोलत बसलीस.

"शांतताच दाखवायची होती तर इतक्या दूर कशाला आणलं रे?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही दोघं कानात ते घालून दारं लावून कामाला बसता. मारतहळ्ळीला मी दिवसभर शांतताच तर ऐकून राहिली."

फोटो राहिलाच. उतरताना वाट निसरडी होती म्हणून मी हात पुढे केला आणि तिने तो घट्ट धरला. अर्ध्या वाटेवर, पायाखाली बघत, ती म्हणाली, "नागपूरचं घर विकू नको."