शेपटीवाल्याचं पान

सर्वपित्री अमावास्येला केदारखेड्यात घरोघरी पितरं जेवायला येत, ती आपापल्या घरची. पुंजारामाच्या घरी मात्र तीन घरच्या पितरांमागोमाग पाच गोरे साहेब येत. गोठ्याच्या पत्र्यावर आठ पत्रावळी लागत, आणि पुंजारामाची बायको दुर्गाबाई दरवर्षी वडे तळता तळता भांडण काढी.

"त्या पाचांच्या घरी काय चूल न्हाई? मी का तळून राह्यले त्यांच्यासाठी?"

"त्यांच्यात पितरं घालत न्हाईत," पुंजाराम सांगे.

"मंग ते आपल्यात कसे आले?"

कसे आले ते सांगायला हवं. सन बेचाळीसमध्ये पुंजाराम बापाशी भांडून जालन्याच्या स्टेशनावर गेला, तिथून भरतीच्या गाडीत बसला आणि पार बंगालमध्ये जाऊन उतरला. तिथे भाताची शेतं सपाट करून विमानांची धावपट्टी केलेली होती. ब्रह्मदेशात जपानी बसले होते, त्यांचे पूल आणि रेल्वे उडवायला तिथून रोज संध्याकाळी बाँबची विमानं जात आणि पहाटे परत येत. सगळी येत असं नाही. पुंजारामाच्या हातात बंदूक आली नाही, आला तो झारा. मेसमध्ये तो वाढपी होता. पंचेचाळीसला तो परत आला, लग्न झालं, आणि पहिल्याच पितृपंधरवड्यात त्यानं दुर्गाबाईला सांगितलं, "पाच पानं जास्ती लाव."

गावच्या जोशीबुवांनी तेव्हा फार विचार केला. तिथी माहीत नाही, तर सर्वपित्री बरोबर. पण गोत्र? शेवटी ते म्हणाले, "ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. शास्त्रच आहे तसं."

"आपलंबी काश्यपच की!" दुर्गाबाई आतून ओरडली. "म्हंजे हे पाच माझे दीर झाले. पाच दीर, आन् एकानं कधी मोटेला हात लावला न्हाई!"

तेव्हापासून ते पाच गावाच्या ओळखीचे झाले. त्यांची खरी नावं पुंजारामाला नीट कधी कळलीच नव्हती, मेसमध्ये सगळे हिंदुस्थानी नोकर त्यांना कामावरून ओळखत. विमान चालवणारा तो कप्तान. दिशा दाखवणारा नकाशावाला. यंत्रावर टकटक करणारा तारवाला. पोटावर पडून नेम धरणारा बाँबवाला. आणि विमानाच्या पार शेपटीत, काचेच्या डब्यात एकटा मशीनगन घेऊन बसणारा, तो शेपटीवाला. पुंजाराम पारावर बसून त्यांच्या गोष्टी सांगे. तोफांच्या गोळ्यांनी विमानाची चाळण झाली तरी कप्तानानं ते कसं परत आणलं, ते सांगताना तो उठून उभा राही, दोन्ही हात पसरी आणि पारावरच्या म्हाताऱ्यांच्या टोप्या पाडी. शेजारचा संपत त्याला 'झाराबहाद्दर' म्हणे. पुंजाराम रागावत नसे. "खरं हाय," तो म्हणे, "बहाद्दर ते होते. मी वाढत होतो."

आता अडचण होती ती एकच. दरवर्षी आठांपैकी सात पानांना कावळा शिवे. आठवं पान, शेपटीवाल्याचं, तसंच राही.

कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याच्या मनात काहीतरी राहिलंय, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पुंजारामानं एका साली पानाची जागा बदलली. कावळ्यानं नवी जागाही बरोबर ओळखून टाळली. पुंजारामानं हात जोडून सांगितलं, "तुझ्या मायला पत्र धाडतो." कावळा लिंबावर बसून राहिला. "देवळात तुझ्या नावानं समई लावतो." कावळा उडून शेजारच्या घराच्या माळवदावर गेला.

"काका, बाटली ठेवा," संपत सुचवी. "गोरा माणूस हाय, कढीनं काय होतंय त्याला!"

"पत्रा तापतो तिथं," असं दुर्गाबाईचं मत. मग दुपार कलली की ते पान गाईला जाई आणि घर जेवायला बसे. असं जवळजवळ चाळीस वर्षं चाललं.

जालना जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं झाली, त्या सालची गोष्ट. पुंजारामाला आंतरगळ, म्हणजे हर्निया झाला होता. थोरला मुलगा बद्रीनाथ जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानात होता, त्यानं तिथल्या डॉक्टरांना दाखवलं आणि ऑपरेशनचा दिवस ठरला. अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी. पुंजाराम वरून निर्धास्त होता. फक्त बैलांना दिवसातून चारदा पाणी दाखवी आणि न मागता सगळ्यांना सगळ्या गोष्टी कुठे ठेवल्या आहेत ते सांगत सुटे.

अमावास्येच्या सकाळी तो चुलीपाशी येऊन बसला. दुर्गाबाईच्या एका हातात झारा, दुसरा हात पिठात.

"अगं, रातच्याला शेंगोळे कर ना. लसणाचे, झणझणीत."

"एवढा सैपाक पुढ्यात पडलाय, आन् ह्यांना शेंगोळे! दवाखान्यातून परत आल्यावर करीन. पातेलंभर खा मंग."

रोजचा पुंजाराम असता तर म्हणाला असता, पातेलंभर कसलं, तू चार शेंगोळे वाढतेस. तो उठला आणि गोठ्याकडे गेला.

पानं लागली. खीर, कढी, वडे, भजी, गवारीची भाजी, सगळं यथासांग. कावळे आले. आजा जेवला, बाप जेवला, माय जेवली. कप्तान, नकाशावाला, तारवाला, बाँबवाला जेवले. शेपटीवाल्याचं पान तसंच.

बारा वाजले. एक वाजला. दुर्गाबाई पान काढायला शिडीला हात घालते, तर पुंजाराम म्हणाला, "राहू दे. तो जेवल्याबिगर मी जेवत न्हाई."

"काय?"

"आज न्हाई जेवत."

"अहो, तीन दिसांनी पोट फाडणार हायेत तुमचं! उपाशी पोट फाडू देता का?"

दारात संपत होताच. "काका, तो रुसलाय. दुसरा कावळा बघा, इंग्रजी समजणारा."

एरवी ह्यावर पुंजारामच आधी हसला असता. आज तो जमिनीकडे पाहत राहिला. दुर्गाबाईनं ते पाहिलं, आणि ती संपतला म्हणाली, "भाऊ, तुझ्या घरी जेवण झालं न्हाई का? जा, जल्दी जा." संपत गेला. दुर्गाबाईनं पदरानं कपाळ पुसलं, आणि लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर प्रथमच, भर दुपारी, सैपाक उघडा टाकून, ती नवऱ्याशेजारी गव्हाणीच्या कडेवर बसली.

"बोला आता. काय राह्यलंय त्याचं?"

"तुला राग यील."

"तो तसाबी आलाच हाय."

"अंडं राह्यलंय," पुंजाराम म्हणाला.

दुर्गाबाईचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. माहेर माळकरी, लग्नात ती माळ घालूनच आली होती. अंड्याचं टरफल अंगणात पडलं तरी ती शेणानं सारवून काढी.

पुंजारामानं सांगायला सुरुवात केली, आणि ह्या खेपेला तो उठून उभा राहिला नाही, हातही पसरले नाहीत. मेसचा नियम होता. उडायला जाणाऱ्याला जाताना एक अंडं, परत आल्यावर एक. खानसाम्याची सक्त ताकीद होती. पोरं आली की चेष्टामस्करी करत, पण चहाचा कप उचलताना सगळ्यांचे हात थरथरत, कप बशीवर वाजत. पन्नास-साठ कप एकदम वाजत. "तरी बी जात," पुंजाराम म्हणाला. "कुणी पळालं न्हाई. कालच्याला चार जागा रिकाम्या झालेल्या दिसायच्या, आन् तरी बी जाऊन बसत. आपला हात थरथरला तर आपण बैल बी जुपत न्हाई, दुर्गे."

शेपटीवाला एकोणीस-वीसचा. नाकावर ठिपके. बाकीचे चौघं विमानात पुढं जवळजवळ बसत, हा एकटा मागं, पाठ करून. कुठं चाललोय ते त्याला दिसत नसे, कुठून आलो तेवढंच दिसे. त्या संध्याकाळी त्यानं आपलं अंडं खाल्लं आणि ताटली पुढं केली. मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, सकाळचं आत्ताच दे. पुंजाराम म्हणाला, न्हाई साहेब, कानून हाय. वापस आने के बाद. तो हसला. म्हणाला, मेरा वापसवाला अभी दो, सुबह नहीं माँगूँगा. कढईत तेल तापलेलं होतं. टोपलीत अंडी होती. पण पुंजारामाला खानसाम्याची भीती.

"मी म्हणालो, वापस आने के बाद."

सकाळी पाच ताटल्या मांडल्या, पाच अंडी काढून ठेवली. इतर विमानं आली. हे आलं नाही. दहा वाजता खानसाम्यानं पाच ताटल्या उचलायला सांगितलं. ती अंडी दुसऱ्यांना गेली. कुणाला ती गेली हेही पुंजारामाला आठवत होतं, कारण त्यातले तिघं पुढच्या महिन्यात गेले.

"आन् आज तू म्हणालीस, परत आल्यावर."

गोठ्यात गाय रवंथ करत होती. मग दुर्गाबाई उसळली.

"आन् एवढी वर्षं त्याला वडे घालून राह्यलेत? त्यानं वडा मागितला होता का? खिरीला हात लावीना म्हणून मी दर साली साखर वाढवली!"

"तुझ्या घरात अंडं कसं मागावं?"

"मागून तर पाह्यचं! फार तर मी न्हाई म्हटलं असतं."

ती तशीच आत गेली. आधी परातीत हुलग्याचं पीठ काढून, लसूण ठेचून, शेंगोळ्यांचं पीठ मळून झाकून ठेवलं. शेंगोळे आता आजच व्हायचे होते. मग पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

इथे प्रवेश मागच्या गल्लीतल्या तुळजाबाईचा. तुळजाबाईकडे कोंबड्या होत्या, आणि त्यापायी गेली वीस वर्षं दुर्गाबाईनं तिच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. ती दारात तांदूळ पाखडत होती.

"एक अंडं दे," दुर्गाबाई म्हणाली.

सूप तिरपं झालं, तांदूळ ओट्यावर. "कोणाला गं माय?"

"धाकट्या दिराला."

"तुला कुठला दीर? पुंजाभावजी एकुलते एक!"

"हाय एक. लांब असतो."

तुळजाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग गोठ्याच्या पत्र्याकडे, तिथल्या एकट्या पत्रावळीकडे. तिच्या ध्यानात काय आलं कोण जाणे. आत जाऊन ती दोन अंडी घेऊन आली.

"दोन न्हाई, एकच," दुर्गाबाई म्हणाली. "त्याचं एक खाऊन झालंय."

"माळकरीणबाई, पदराखाली धरा निदान! गाव बघून राह्यलंय."

"बघू दे." आणि ते अंडं तळहातावर उघडं ठेवून, देवाचा अंगारा न्यावा तसं, दुर्गाबाई भर रस्त्यानं घरी आली. पारावरचे म्हातारे माना वळवून बघत राहिले.

गोठ्याबाहेर तीन विटा मांडल्या. एक टाकाऊ तवा होता तो घासला. दुर्गाबाई दहा हात लांब उभी राहिली आणि तिथून सूचना देऊ लागली. "जाळ कमी करा. तेल धूर सोडून राह्यलंय." मग अंडं फोडायची वेळ आली. पुंजारामानं डावा हात उजव्या मनगटाखाली धरला, टरफल तव्याच्या कडेवर एकदाच टेकवलं. पिवळं फुटलं नाही. वर मीठ, थोडी मिऱ्याची पूड. झाऱ्यानं ते असं अलगद उचललं की दुर्गाबाईला वाटलं, आपल्या नवऱ्याला हे येतं हे आपल्याला माहीतच नव्हतं.

वडे, खीर सगळं बाजूला करून पत्रावळीच्या मधोमध अंडं ठेवलं. संपत परत आला होता. तुळजाबाई आली होती. माळवदांवर माणसं उभी राहिली. पुंजाराम दोनदा "काव, काव" म्हणाला, आणि लिंबाकडे पाहत राहिला.

कावळा आला. लिंबावरून पत्र्यावर उतरला, दोन पावलं चालला, मान वाकडी करून पानाकडे पाहिलं. आणि मागे फिरला.

पुंजारामानं झारा खाली ठेवला.

तेव्हा दुर्गाबाई पुढे झाली. पदर सावरला, पत्र्याकडे तोंड केलं, आणि घरातल्या माणसाला हाक मारावी तशी मोठ्यानं म्हणाली, "भावजी, जेवून घ्या. परत यायचं मंग बघू. आधी जेवा."

कुणीही हसलं नाही. कावळा थांबला. वळला. अंड्याची कड चोचीत धरून त्यानं ओढली, पिवळं पत्रावळीवर पसरलं, आणि तो खाऊ लागला. मागून दुसरा आला, तिसरा आला.

"अंडं कोणता कावळा सोडतोय!" संपत हळूच पुटपुटला.

"मंग चाळीस वर्षांत तू का न्हाई सांगितलंस?" दुर्गाबाई म्हणाली.

पुंजाराम गव्हाणीला टेकून रडत होता. दुर्गाबाईनं त्याला रडू दिलं. मग ताट वाढून तिथेच गोठ्यात आणलं आणि समोर बसली. तो निवांतपणे, मोठे मोठे घास घेत जेवला. सकाळपासूनची भूक होती, आणि त्याच्या आधीचीही असावी.

"कप्तान किती वर्षांचा होता?" तिनं विचारलं.

"चोवीस. पंचवीस."

"घरी कोण होतं त्याच्या?"

पुंजारामानं घास थांबवून तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं, आणि त्यानंही अमुक बाँब, तमुक पूल ह्यापलीकडे काही सांगितलं नव्हतं.

"एक कुत्रं होतं," तो म्हणाला. "त्याचा फोटो खिशात ठेवायचा."

"आन् नकाशावाल्याच्या?"

तो सांगू लागला. दुर्गाबाईनं त्याच्या पानात आणखी एक वडा टाकला आणि भिंतीला पाठ लावून नीट बसली, कारण अजून तिघांचं ऐकायचं बाकी होतं.