उलट्या घडीचा शालू

आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, लग्नातला शालू मी बैलाला घातला होता. त्या जाऊन महिना होत आला, आता लिहायला हरकत नाही... तरी लिहिण्याआधी दाराकडे एकदा पाहिलंच.

लग्न होऊन अनसिंगला आले तेव्हा मी लहान होते, आणि अक्कल बहुधा माहेरीच राहिली होती. पोळा तोंडावर आला तशा आत्याबाई म्हणाल्या, “पेटीतलं लाल जुनेर घे अन् सरज्याले झूल शिव.” जुनेर तळाशी होतं. माझ्या हाती वरचंच लाल कापड आलं, जागोजागी सुटे धागे लोंबणारं. एवढं विटकं कशाला जपावं, म्हणून मी नाकही मुरडलं. सोनेरी जर काळी पडू नये म्हणून शालूची घडी उलटी घालतात, आणि बुट्टीच्या मागे धागे असेच मोकळे असतात, हे मला कुठून ठाऊक? माझ्या माहेरी भारीतलं भारी म्हणजे छापील चीट. मी कात्री चालवली, तुकडा उलटला... आणि सोन्याच्या कोयऱ्या चमकल्या.

गल्लीतल्या एका सुनेला दूध सांडलं म्हणून माहेरी धाडलं होतं, तिला आणायला परत कोणी गेलं नव्हतं. दुधाची ही गत, मग शालूची काय? मग मी फार हुशारी केली. गोठ्यामागे बसून, कोयऱ्या आत दडवून झूल शिवली. पोळ्याला ती सरज्याच्या पाठीवर चढली.

सरज्या मिरवून दारात आला. आत्याबाई ओवाळायला उभ्या. त्याने माशी हाकलायला अंग झटकलं, झुलीची बाजू पाठीवर पलटली, आणि उतरत्या उन्हात साऱ्या कोयऱ्या झळाळल्या.

“मालकीणबाई, आज सरज्या नवरदेव दिसून राह्यला,” गडी म्हणाला. सगळे हसले. मी दाराआड, तोंडात पदर.

आत्याबाईंचं ताट हवेतच थांबलं. मग त्यांनी बैलाला कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली, झुलीचा काठ बोटांनी चाचपला आणि सरळ आत आल्या. मी एवढंच म्हणू शकले, “मले माहेरी नका धाडू.”

ती झूल अजून गोठ्यात खुंटीला आहे. सरज्यानंतर किती बैलांनी ती मिरवली. परवा झटकायला काढली, तर वळून पाहिलंच, जणू आत्याबाई मागे उभ्या आहेत... आणि त्या संध्याकाळी बोलल्या तसंच बोलतील:

“पोरी, मी हा एकदाच नेसली. मंग याची जर काळी पडीन म्हून जन्मभर भेत राह्यली. आता झूल उसव अन् बुट्टी वर ठेवून पुन्हा शिव. अन् भेऊन शिवू नको, टाके वाकडे येतात.”